वृद्ध रुग्णातला दाहक संधिवात आणि एफडीजी पेट-सीटी: स्कॅन मागण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

सत्तरी ओलांडलेला रुग्ण, दोन्ही खांदे आखडलेले, कंबर धरलेली, वजन उतरलेलं, ईएसआर (दाह मोजणारी रक्तचाचणी) ९०, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर निगेटिव्ह. अशा रुग्णापाशी आजकाल फार लवकर कुणीतरी म्हणतं, "पेट करून टाकू," म्हणजे किरणोत्सारी साखर टोचून सगळ्या शरीराचा स्कॅन. करायला हरकत नाही. त्याआधी दोन गोष्टी मात्र ठरलेल्या हव्यात: आपण नेमकं काय शोधतोय, आणि स्टेरॉइडचा पहिला डोस केव्हा जाणार आहे. माझ्या मते या तपासणीचं निम्मं यशापयश रुग्ण यंत्रात जाण्यापूर्वीच ठरलेलं असतं.

मेडिसिन, संधिवात किंवा न्यूक्लिअर मेडिसिन विभागात नव्याने आलेल्या डॉक्टरांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. घरातल्या ज्येष्ठांचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्यांनाही यातलं बरंचसं समजेल.

चमकतं ते नेमकं काय

एफडीजी म्हणजे फ्ल्युओरोडीऑक्सिग्लुकोज. ग्लुकोजच्या रेणूत एका जागी किरणोत्सारी फ्ल्युओरिन-१८ बसवलेला असतो. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, हेक्सोकायनेज हे एन्झाइम त्यावर फॉस्फेट चढवतं, पण पुढची प्रक्रिया होत नाही आणि रेणू पेशीतच अडकून पडतो. ज्या पेशीची ग्लुकोजची भूक मोठी, ती चित्रात जास्त उजळ. कर्करोगाच्या पेशी अशा भुकेल्या असतात हे सर्वांना ठाऊक असतं. दाहाच्या जागी जमलेल्या मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट पेशीही तितक्याच भुकेल्या असू शकतात.

एफडीजी माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं १९७६ मध्ये, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात, आणि तेही मेंदूचा चयापचय पाहण्यासाठी. संधिवाताच्या कामी ते आलं १९९०च्या दशकाच्या अखेरीस, जेव्हा बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या डॉक्टरांनी पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका (पुढे पीएमआर; खांदे-खुबे आखडवणारा उतारवयातला दाह) आणि जायंट सेल आर्टरायटिस (पुढे जीसीए; रोहिण्यांच्या भिंतींचा दाह) या आजारांत मोठ्या रक्तवाहिन्या उजळलेल्या दाखवल्या.

पेटला दिसतो तो फक्त चयापचय. त्यामागे दाह आहे, संसर्ग आहे, गाठ आहे की थंडीने कुडकुडलेला स्नायू, हे ओळखायचं ते जागेवरून आणि नमुन्यावरून. सोबतचा सीटी जागा पक्की करतो आणि कॅल्शियमचे साठे, झिजलेली हाडं, पोखरलेले मणकेही दाखवतो.

पायरी १: पेट खरंच हवा का?

नमुनेदार पीएमआरला पेट लागत नाही. रुग्ण पन्नाशीच्या पुढचा, दोन्ही खांदे दुखतात, सकाळचा ताठरपणा पाऊण तासाहून जास्त टिकतो, सीआरपी (दाहाची दुसरी रक्तचाचणी) किंवा ईएसआर वाढलेला, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (दोन्ही ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रक्तचाचण्या) निगेटिव्ह, हातापायांचे छोटे सांधे शांत. २०१२च्या युरोपीय-अमेरिकी वर्गीकरण निकषांत हेच मुद्दे आहेत. हे निकष संशोधनासाठी बनवलेले असले तरी विचाराला शिस्त लावतात. अशा रुग्णाला खांद्याची आणि खुब्याची सोनोग्राफी पुरते.

पेटकडे वळायचं ते चित्र फिस्कटतं तेव्हा. वजन झपाट्याने उतरतंय, ताप येतोय, रात्री झोपमोड करणारी वेदना आहे, सीआरपी लक्षणांच्या मानाने फारच जास्त आहे, दुखणं एकाच बाजूला आहे, किंवा प्रेडनिसोलोनच्या नेहमीच्या डोसला, म्हणजे दिवसाला १२.५ ते २५ मिलिग्रॅमला, दाद मिळत नाही. दुसरा मोठा गट म्हणजे सांध्याचं काहीच न सांगणारा, नुसता थकलेला, ॲनिमिया झालेला वृद्ध, ज्याचा सीआरपी आठवडेच्या आठवडे खाली येत नाही. अशांपैकी काहींच्या महारोहिणीच्या (एओर्टा, हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रोहिणी) भिंतीत जीसीए दडलेला असतो. कानशिलं दुखत नाहीत, डोळ्यांची तक्रार नाही, म्हणून तो कुणाला सुचत नाही. असा रुग्ण पेटचा सर्वाधिक फायदा घेणारा, असं मला वाटतं.

स्टेरॉइडने दोन दिवसांत बरं वाटलं म्हणजे पीएमआर पक्का, हा समज अजून टिकून आहे. उतारवयात सुरू झालेला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, स्फटिकांचा संधिवात, काही लिम्फोमासुद्धा (लसिकाग्रंथींचे कर्करोग) स्टेरॉइडने दबतात. प्रतिसाद नोंदवा, पण त्याच्यावर निदान टांगू नका.

स्कॅनची तारीख घेण्याआधी साध्या चाचण्या झाल्यात ना, हे बघा: टीएसएच (थायरॉइडसाठी), सीके (स्नायूंसाठी), कॅल्शियम, क्रिएटिनिन, प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस, लघवीची तपासणी आणि ताप असेल तर ब्लड कल्चर. थायरॉइडची कमतरता, स्टॅटिनमुळे दुखणारे स्नायू आणि मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग) हे तिघेही पीएमआरचा वेश घेऊन येतात. हृदयाच्या झडपेचा संसर्गही खांदे आणि कंबर दुखवू शकतो. त्यात पेटवर विसंबणं धोक्याचं, कारण मूळच्या झडपेवरची बारीक वाढ पेट बऱ्याचदा चुकवतो. तिथे कल्चर आणि इकोच हवेत.

पायरी २: आधी डोळ्यांची चौकशी

ही पायरी छोटी आहे, पण वगळायची नाही. डोकेदुखी नवी आहे का? केस विंचरताना टाळू दुखते का? घास चावताना जबडा भरून येऊन थांबावं लागतं का? एका डोळ्यापुढे क्षणभर अंधार आला का, एकाचे दोन दिसले का?

यातलं काही असेल तर जीसीएचा संशय धरून त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू करायचं. साधारणपणे ४० ते ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन तोंडावाटे, आणि दृष्टी जात असेल तर शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन. स्कॅनसाठी थांबायचं नाही. गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही, आणि दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. कानशिलाच्या रोहिणीची सोनोग्राफी लगेच मिळत असेल तर ती आधी. भिंतीच्या सुजेने दिसणारं काळसर वलय अनुभवी हाताला पुरेसं बोलकं असतं. बायोप्सी स्टेरॉइड सुरू झाल्यावरही निदान दोन आठवडे उपयोगी ठरते, त्यामुळे तीही हातची जात नाही.

पायरी ३: स्टेरॉइड आणि स्कॅनचं वेळापत्रक

सगळ्यात जास्त स्कॅन वाया जातात ते इथे. स्टेरॉइड रक्तवाहिन्यांमधली चमक विझवतं. शिवाय त्याने यकृतातली एफडीजीची मात्रा वाढते, आणि यकृत हीच आपली तुलनेची पट्टी असल्याने रक्तवाहिनी आहे त्याहून फिकी ठरते. दोन्ही परिणाम चुकीच्या निगेटिव्हकडे नेतात.

मोठ्या रक्तवाहिन्यांच्या जीसीएत उपचार सुरू झाल्यावर पहिल्या ३ दिवसांत केलेला पेट जवळपास तितकाच विश्वासार्ह राहतो. १० दिवसांपर्यंत चमक बऱ्याच रुग्णांत लक्षणीय उतरते. म्हणून युरोपीय शिफारशीही ७२ तासांच्या आत स्कॅन करायला सांगतात. व्यवहारात याचा अर्थ असा:

डोळ्यांना धोका असेल तर स्टेरॉइड आत्ता आणि पेट ३ दिवसांत जमला तर.

डोळ्यांना धोका नाही, रुग्ण कळ सोसू शकतोय, आणि तारीख चार-पाच दिवसांत मिळतेय, तर स्टेरॉइड सुरू न करता स्कॅन आधी. या दिवसांत पॅरासिटामॉल द्या, आणि डोळ्यांची लक्षणं दिसली तर तत्क्षणी यायचं, हे रुग्णाला आणि घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.

रुग्ण सहा आठवडे १५ मिलिग्रॅमवर आहे आणि आता शंका आलीय, तर पेट निगेटिव्ह आला तरी जीसीए नाही असं म्हणता येणार नाही. मात्र गाठ किंवा संसर्ग शोधायचा असेल, तर तेव्हाही त्याचा उपयोग होतोच. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा, प्रश्न कोणता?

बाहेरून आलेल्या रुग्णाला "तुम्ही स्टेरॉइड घेता का" असं विचारून भागत नाही. "सांधेदुखीवर कुठली गोळी, इंजेक्शन, पुडी घेतलीत का, खांद्यात सुई टोचून घेतलीत का" असं विचारा आणि सगळी पाकिटं मागवून बघा.

पायरी ४: तयारी

किमान ६ तास उपाशी, पाणी भरपूर चालेल. साखरेचा चहा, ग्लुकोजचं सलाइन नको. आदल्या दिवशी जड श्रम नकोत, कारण थकलेला स्नायू चमकतो आणि खांद्याभोवतीचं चित्र गढूळ करतो. रुग्णाला उबेत ठेवा. थंडी वाजली की मानेची आणि गळपट्टीच्या हाडाजवळची तपकिरी चरबी उजळू शकते. वृद्धांत हे तरुणांपेक्षा कमी दिसतं, तरी पांघरूण द्यायला काही जात नाही.

मधुमेह हा या वयातला नेहमीचा सोबती. रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर उत्तम. २००च्या वर असेल तर बहुतेक केंद्रं तारीख पुढे ढकलतात. साखर खाली आणायला स्कॅनच्या तोंडावर झटपट इन्सुलिन टोचणं ही नेहमीची गफलत: इन्सुलिन एफडीजीला स्नायूंत ढकलतं आणि रक्तवाहिन्या, बर्सा (सांध्यांजवळच्या द्रवाच्या छोट्या पिशव्या) मागे पडतात. मेटफॉर्मिनने आतडी उजळतात. आपल्याला खांदे आणि महारोहिणी पाहायची असेल तर ती सहसा आड येत नाही, पण पोटातली गाठ हा प्रश्न असेल तर दोन दिवस बंद ठेवण्याबद्दल केंद्राशी बोला. उपाशी वृद्ध मधुमेह्याला गोळ्यांमुळे साखर उतरून घेरी येऊ नये, म्हणून सकाळची पहिली वेळ मागा.

इंजेक्शननंतर निदान ६० मिनिटं शांत पडून राहायचं. रक्तवाहिन्यांसाठी काही केंद्रं मुद्दाम जास्त थांबतात, म्हणजे रक्तातली एफडीजी ओसरते आणि भिंत वेगळी दिसते. फ्ल्युओरिन-१८चं अर्धायुष्य साधारण ११० मिनिटं असल्याने फार लांबवताही येत नाही.

आता मांडणी. कर्करोगाचा नेहमीचा पेट कवटीच्या तळापासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत घेतात. आपल्याला कानशिलापासून किमान गुडघ्यांपर्यंत हवा, आणि हातांची तक्रार असेल तर हातही चौकटीत हवेत. हे आधी सांगितलं नाही तर मिळत नाही. आणखी एक: हात डोक्यावर घेऊन पंधरा-वीस मिनिटं पडून राहणं पीएमआरच्या रुग्णाला छळासारखं वाटतं. तो हलतो आणि पेट-सीटीची चित्रं एकमेकांवर बसत नाहीत. हात बाजूला ठेवून स्कॅन घ्यायला तंत्रज्ञांना सांगून ठेवा.

किरणोत्साराबद्दल घरचे विचारतात. कमी मात्रेच्या सीटीसह पूर्ण तपासणीत साधारण ५ ते १० मिलिसिव्हर्ट मिळतात. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. पंचाहत्तरीतल्या माणसासाठी हा धोका नगण्य आहे. एफडीजी मूत्रपिंडांना इजा करत नाही. काळजी घ्यायची ती सीटीसाठी कॉन्ट्रास्ट वापरणार असतील तेव्हा.

पायरी ५: विनंतीपत्र

"पीएमआर? होल बॉडी पेट" एवढ्यावर चांगला न्यूक्लिअर मेडिसिन तज्ज्ञही अंधारातच तीर मारणार. त्याऐवजी असं लिहा:

"वय ७४, स्त्री. सात आठवडे दोन्ही खांदे व कंबर दुखते, ताठरपणा दीड तास. वजन ५ किलो कमी. सीआरपी ८८. आरएफ, अँटी-सीसीपी निगेटिव्ह. डोळ्यांची लक्षणं नाहीत, डाव्या हाताचं ब्लडप्रेशर उजव्यापेक्षा २० ने कमी. स्टेरॉइड अजून दिलेलं नाही. मधुमेह, मेटफॉर्मिनवर. उजवा खुबा बदललेला, २०१९. प्रश्न: १) मोठ्या रक्तवाहिन्यांचा दाह आहे का? २) सांधे आणि बर्सांचा नमुना पीएमआरचा की ऱ्हुमॅटॉइडचा? ३) गाठ किंवा संसर्ग? कृपया कानशिलापासून गुडघ्यांपर्यंत, हात बाजूला."

दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर घ्यायला दोन मिनिटं लागतात, आणि गळपट्टीच्या हाडामागची रोहिणी अरुंद झाल्याची खूण कधीकधी त्यातूनच सापडते.

पायरी ६: चित्र आणि रिपोर्ट वाचताना

रिपोर्टवर थांबू नका, चित्रं उघडा. आधी संपूर्ण शरीराचं फिरणारं चित्र पाहा. मेंदू, मूत्रपिंडं, मूत्राशय उजळ असणारच. हृदयाचं कमी-जास्त होतं. मग सांधे.

पीएमआरमध्ये दाह सांध्याच्या आत जितका, तितकाच सांध्याभोवतीच्या बर्सांत आणि स्नायूबंधांच्या टोकांशी असतो. म्हणून दोन्ही खांदे, गळपट्टीचं हाड छातीच्या हाडाला मिळतं तो सांधा, दोन्ही खुबे, मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा, ज्यावर आपण बसतो ती बैठकीची हाडं, आणि मान व कंबरेच्या मणक्यांच्या मागच्या काट्यांमधल्या जागा उजळतात. यातल्या शेवटच्या दोन जागा माझ्या आवडीच्या, कारण रुग्ण तिथे दुखतं असं क्वचितच आपणहून सांगतो आणि खांद्याच्या साध्या झिजेत त्या शांत असतात. ल्यूव्हनच्या गटाने अशा १२ जागांना प्रत्येकी ० ते २ गुण देणारी पद्धत मांडली; २४पैकी १६ किंवा जास्त गुण पीएमआरकडे झुकतात. गुण मोजायला हरकत नाही, पण दोन्ही बाजूंची सममिती आणि मणक्याच्या काट्यांमधली चमक बघायची सवय आधी लावा.

मनगटं आणि बोटांचे सांधेही उजळले असतील तर उतारवयातला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस मनात आणा, अँटी-सीसीपी निगेटिव्ह असला तरी. मनगट, गुडघा आणि जांघेच्या मधल्या सांध्यात चमक आणि त्याच जागी सीटीवर कॅल्शियमची रेघ, तर कॅल्शियम पायरोफॉस्फेटच्या स्फटिकांचा आजार. मान अचानक आखडलेल्या, ताप असलेल्या वृद्धाच्या मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या दाताभोवती कॅल्शियमचा मुकुट दिसला, तर मेनिंजायटिसच्या शंकेने धावपळ करण्याआधी थोडं थांबता येतं. एकाच मणक्याची चकती आणि दोन्ही बाजूंची हाडं पेटलेली असतील तर तो संसर्ग समजा, खोटं ठरेपर्यंत.

रक्तवाहिन्यांसाठी यकृताशी तुलना करणारी पद्धत रूढ आहे. श्रेणी ०: चमक नाही. १: यकृतापेक्षा कमी. २: यकृताइतकी. ३: यकृतापेक्षा जास्त. ३ म्हणजे पॉझिटिव्ह, २ म्हणजे शक्यता. मात्र आकड्याहून नमुना महत्त्वाचा. दाहात चमक सलग, गुळगुळीत, भिंतीच्या पूर्ण घेराला धरून लांबवर जाते: महारोहिणी, मानेच्या रोहिण्या, गळपट्टीच्या हाडामागून काखेपर्यंतच्या रोहिण्या. अथेरोस्क्लेरोसिसमध्ये ती तुटक, ठिपक्यांची, बऱ्याचदा सीटीवरच्या कॅल्शियमच्या शेजारी असते, आणि जांघ-मांडीच्या रोहिण्यांत हमखास भेटते. या वयात नुसत्या पायांच्या रोहिण्यांवर जीसीए म्हणायचं धाडस करू नये. काखेतल्या दोन्ही रोहिण्या उजळल्या असतील तर मात्र माझा कल लगेच जीसीएकडे जातो. २०२२च्या वर्गीकरण निकषांतही दोन्ही काखांच्या सहभागाला आणि पेटवर उजळलेल्या महारोहिणीला प्रत्येकी २ गुण दिलेले आहेत.

कानशिलाची रोहिणी फार बारीक असते. जुन्या यंत्रांना ती दिसायची नाही, नव्या यंत्रांना दिसते. त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टला किती वजन द्यायचं हे यंत्र कोणतं होतं त्यावरही अवलंबून.

काही सापळे. बदललेल्या खुब्याच्या धातूभोवती संगणकीय दुरुस्तीमुळे खोटी चमक येते; दुरुस्ती न केलेली चित्रं मागवून पाहा. अलीकडे दंडावर लस टोचली असेल तर त्या बाजूच्या काखेतल्या गाठी उजळतात. सगळा अस्थिमज्जा आणि प्लीहा एकसारखे उजळलेले असणं हे बहुतेकदा शरीरातल्या दाहाचंच प्रतिबिंब असतं. तुटक डाग आणि सीटीवर पोखरलेली हाडं दिसली तर मायलोमा किंवा पसरलेला कर्करोग शोधा.

आणि मग अनपेक्षित सापडलेल्या गोष्टी. थायरॉइडमध्ये एकच ठिपका उजळला तर त्यात कर्करोग निघण्याची शक्यता साधारण तीनात एक, म्हणून सोनोग्राफी हवीच. संपूर्ण थायरॉइड सारखी उजळली तर बहुधा थायरॉइडायटिस. मोठ्या आतड्यात एकाच जागी चमक असेल तर कोलोनोस्कोपीचा विचार करायचा, पण पंच्याऐंशी वर्षांच्या अशक्त माणसाला ती झेपेल का आणि निकालाने काही बदलणार आहे का, हे आधी घरच्यांशी बोलून घ्या. पेट मागतानाच या शक्यतेची कल्पना रुग्णाला दिली असेल तर हा संवाद सोपा जातो.

पायरी ७: निकालानंतर

पीएमआरच्या नमुन्यासोबत महारोहिणीही उजळलेली निघाली, तर उपचाराची पातळीच बदलते. डोळ्यांची वा डोक्याची लक्षणं नसलेल्या पीएमआरच्या रुग्णांत तपासणी करून पाहिली तर साधारण चार-पाचांत एकाला असा मूक जीसीए सापडतो. तेव्हा पीएमआरचा छोटा डोस पुरत नाही. जीसीएचा डोस, आणि स्टेरॉइड लवकर कमी करता यावं म्हणून टोसिलिझुमॅबसारख्या औषधाचा विचार संधिवाततज्ज्ञासोबत करायचा. टोसिलिझुमॅब इंटरल्युकिन-६ अडवतं, त्यामुळे आजार पेटलेला असतानाही सीआरपी सामान्य दिसू शकतो. पुढे लक्षणं परतली तर हे लक्षात हवं.

पेट दर सहा महिन्यांनी करून उपचार ठरवायचे का? नको. लक्षणं पूर्ण गेलेल्या, सीआरपी सामान्य असलेल्या रुग्णांतही रक्तवाहिन्यांच्या भिंतीत थोडी चमक महिनोन्‌महिने राहते. ती आजाराची धग आहे की भिंतीच्या डागडुजीची, हे चित्रावरून नीट सांगता येत नाही. केवळ त्या चमकेसाठी स्टेरॉइड वाढवलं तर रुग्णाच्या वाट्याला फ्रॅक्चर, साखर आणि संसर्ग येतात. लक्षणं परतली आणि रक्तचाचण्या साथ देत नसतील, तेव्हा दुसरा पेट मागण्यात अर्थ आहे.

महारोहिणीचा दाह झालेल्यांत पुढे काही वर्षांनी तिचा फुगा होण्याचा धोका वाढतो, आणि तो पेटवर मोजायचा नसतो. त्यासाठी एमआर किंवा सीटी अँजिओग्राफी. पहिल्या भेटीतच महारोहिणीचा व्यास मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तुलनेला आकडा हाताशी असेल.